‘गॉन विथ द विंड’ : प्रेक्षक म्हणजे नेमके कोण?

‘गॉन विथ द विंड’ (१९३९) या चित्रपटाविषयीच्या प्रेक्षकमतांची चर्चा करताना एक विधान हमखास केले जाते : त्या काळी तो सर्वांनाच आवडला, आक्षेप सारे अलीकडचे. हे विधान टिकणारे नाही. १९४० मध्येच कृष्णवर्णीय नाटककार कार्लटन मॉस यांनी निर्माते डेव्हिड सेल्झनिक यांना खुले पत्र लिहून गुलामांच्या चित्रणाचा निषेध केला होता. माल्कम एक्स यांच्या आत्मचरित्रात (१९६५) याहून बोलका दाखला मिळतो. मिशिगनमधील मेसन गावी त्यांनी हा चित्रपट पाहिला, तेव्हा थिएटरात ते एकटेच कृष्णवर्णीय होते. बटरफ्लाय मॅक्वीन यांची भेदरट प्रिसी पाहून त्यांना तोंड लपवावेसे वाटले. त्याच दृश्याला शेजारी हशा पिकला असेल, तर तेही प्रेक्षकमतच!

व्हिवियन ली यांच्या स्कार्लेटविषयी फारसे दुमत नाही. खरा वाद मॅमीचा. ही भूमिका करणाऱ्या हॅटी मॅक्डॅनियल यांना वर्णभेदामुळे अटलांटातील पहिल्या खेळाला जाता आले नाही. फेब्रुवारी १९४० मध्ये ऑस्कर मिळाले, तेही वेगळ्या टेबलावर बसून. पटकथेने मॅमीला स्वतःचे घर दिलेले नाही, कुटुंबही नाही. तरीही स्कार्लेटला दटावताना तिच्या आवाजात जो अधिकार येतो, तो प्रस्तुत लेखकाच्या मते सर्वस्वी या अभिनेत्रीचा आहे. म्हणूनच ‘निष्ठावान दासी’ एवढे म्हणून मॅमीला निकालात काढणारी मतेही घाईची वाटतात.