नगराध्यक्षाचे चरित्र

आपल्या चरित्रवाङ्मयात एक उणीव वारंवार जाणवते. नायकाचे तुरुंगवास, त्याची व्याख्याने व ग्रंथ यांस पानेच्या पाने मिळतात. मात्र त्याने नगरपालिकेत वेचलेली वर्षे एका ओळीत आटोपली जातात. गटारे, दिवे व पाण्याचे नळ यांत चरित्रकारास काव्य दिसत नाही, हेच त्याचे कारण असावे.

वस्तुतः हा विषय क्षुद्र नव्हे. निफाड येथे १८४२ साली जन्मलेल्या न्यायमूर्ती रानड्यांनी इंग्लंड व हिंदुस्थान येथील स्थानिक कारभारावर स्वतंत्र निबंध लिहिला, आणि १८९८ च्या आपल्या अर्थशास्त्रविषयक निबंधसंग्रहात त्यास लोखंडाच्या धंद्याच्या पंक्तीस बसविले. गावचा कारभार हाही राष्ट्राच्या संपत्तीचाच प्रश्न होय, हे त्या मांडणीतून सहज सूचित होते.

आता कै. नरसिंह चिंतामण केळकरांचे उदाहरण घ्या. मोडनिंब येथे १८७२ साली जन्म, १८९६ त टिळकांच्या बोलावण्यावरून पुण्यास आगमन, पुढे ‘केसरी’ व ‘मराठा’ यांचे संपादन, ‘तोतयाचे बंड’, टिळकांचे त्रिखंडात्मक चरित्र, १९२१ च्या बडोदे साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद: हे सारे सुशिक्षितांस पाठ असते. पण १९१८ साली व पुन्हा १९२२ ते २४ या काळात ते पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष होते, हे किती जणांच्या ध्यानी असते? १९२४ साली पुण्याच्या मंडईत टिळकांचा पुतळा उभा राहिला व मोतीलाल नेहरूंनी त्याचे अनावरण केले, हा प्रसंग त्याच कालखंडातला.

परंतु एवढ्यावर थांबणारा चरित्रकार अर्धेच सत्य सांगतो. त्याच नगरपालिकेत १८७६ ते १८८२ या काळात जोतीराव फुले सभासद होते. लॉर्ड लिटनच्या स्वागतावर पैसा उधळण्यास त्यांनी एकट्याने विरोध केला. तो पैसा शिक्षणास लावावा, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या पुतळ्याची सूचना मात्र १९२५ साली याच सभागृहाने फेटाळली! पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्या मंडईसच फुल्यांचे नाव मिळाले. आज टिळकांचा पुतळा फुल्यांच्या नावाच्या मंडईत उभा आहे. शहराने आपला न्याय उशिरा का होईना केला. चरित्रकारांनी तो अद्याप पुरता केलेला नाही.

आता निफाडासही नगरपंचायत आहे. तेथील एखाद्या अध्यक्षाचे चरित्र उद्या कोणी लिहावयास घेतले, तर त्याने सत्कारसमारंभांची वर्णने बाजूस ठेवून सभांच्या इतिवृत्तांच्या वह्या आधी उघडाव्या. पैसा कशावर खर्चिला, कशास नकार दिला, आणि एकटा पडलेल्या सभासदाचे म्हणणे कोणी ऐकले, हे ज्यात सापडेल तेच आमच्या मते नगराध्यक्षाचे खरे चरित्र.