सामायिक सर्व्हरवरील संस्थात्मक संकेतपृष्ठे : पत्ता, मालकी आणि मराठी

महाविद्यालयाचे संकेतस्थळ हा विषय आपल्याकडे संगणक विभागाचा किंवा कार्यालयाचा मानला जातो. ग्रंथाची समीक्षा होते, अभ्यासक्रमाची होते, क्वचित वार्षिक नियतकालिकाचीही होते. परंतु प्रवेशेच्छू विद्यार्थ्यापासून नॅकच्या समितीपर्यंत सर्वजण ज्याच्यावरून संस्थेची पहिली पारख करतात, त्या संकेतपृष्ठाकडे ‘प्रकाशन’ म्हणून पाहण्याची सवय अध्यापकवर्गाला लागलेली नाही. प्रस्तुत लेखात संस्थेच्या सामायिक सर्व्हरवर पृष्ठे प्रसिद्ध करण्याच्या व ती सांभाळण्याच्या रूढ पद्धतीची चिकित्सा केली आहे. तांत्रिक बाबींचा उल्लेख अपरिहार्य आहे, कारण येथे तंत्राच्या निवडीतच सत्तेचा प्रश्न दडलेला आहे.

सामायिक सर्व्हर म्हणजे एक वाडा होय. खोल्या वेगळ्या, नळ एक, आणि दिंडी-दरवाजाची किल्ली एकाकडे. या व्यवस्थेचे मूळ युनिक्स संगणकप्रणालीत आहे. तेथे प्रत्येक खातेदाराला स्वतःचे ‘गृह-फोल्डर’ मिळते आणि टिल्ड या नागमोडी चिन्हाने ते दर्शविले जाते. १९९३ साली अमेरिकेतील एनसीएसए या संस्थेने तयार केलेल्या वेब-सर्व्हरने, आणि १९९५ पासून त्याचा वारसा चालविणाऱ्या अपाची सर्व्हरने, या फोल्डरातील ‘पब्लिक एचटीएमएल’ नावाचा कप्पा जगाला वाचता येईल अशी सोय केली. विद्यापीठांतील अध्यापकांची टिल्डयुक्त पृष्ठे येथून सुरू झाली. आपल्याकडे १९८६ मध्ये आरंभ झालेल्या अर्नेट प्रकल्पामुळे आयआयटी मुंबई आणि पुण्यातील आयुका यांसारख्या संस्थांत ही प्रथा रुजली. तेथील अध्यापक आपली टिपणे, प्रश्नसंच आणि लेखांच्या प्रती स्वतःच्या हाताने सर्व्हरवर ठेवत आले. त्यासाठी फार मोठे ज्ञान लागत नाही. फाईलचे नाव लहान रोमन लिपीत ठेवावे, कारण लिनक्सवर लहान-मोठ्या अक्षरांचा भेद मानला जातो. फाईलला ६४४ आणि फोल्डरला ७५५ ही परवानगी द्यावी, म्हणजे लिहिण्याचा अधिकार मालकाकडे व वाचण्याचा सर्वांकडे राहतो. ‘पृष्ठ दिसत नाही’ म्हणून घाईने ७७७ दिले की वाड्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडाला आपल्या खोलीत फेरफार करण्याची मुभा मिळते.

संलग्न महाविद्यालयांत ही प्रथा जवळजवळ आलीच नाही. आपल्याकडे संकेतस्थळ आले ते कंत्राटदारामार्फत, आणि वाढले ते मूल्यांकनाच्या निमित्ताने. २०१७ साली नॅकने सुधारित मूल्यांकन-चौकट लागू केल्यानंतर जवळजवळ प्रत्येक दाव्यासोबत पुराव्याचा दुवा देणे आवश्यक झाले. ही मागणी मुळात योग्यच होती. परंतु तिचा परिणाम असा झाला की दस्तऐवज वाचकासाठी प्रसिद्ध न होता समितीसाठी ‘चढवले’ जाऊ लागले. (‘अपलोड करणे’ याला आपण ‘चढवणे’ म्हणतो, उतरवण्याचा विचार कोणी करीत नाही, आणि तो आपोआप होतो.) मूल्यांकनाचे चक्र संपते, कंत्राटदार बदलतो, संकेतस्थळाचे नूतनीकरण होते आणि जुने सर्व दुवे एका रात्रीत निकामी ठरतात. ज्या अध्यापकाने पदोन्नतीच्या अर्जात त्या पत्त्याचा दाखला दिलेला असतो त्याच्या हाती ‘पृष्ठ सापडले नाही’ हा ४०४ चा शेरा उरतो. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(ख) नुसार सार्वजनिक प्राधिकरणाने प्रसिद्ध करावयाच्या १७ बाबी दरवर्षी अद्ययावत व्हाव्यात असे कायदा सांगतो. अनेक अनुदानित महाविद्यालयांच्या पृष्ठांवर मात्र त्या कोणत्या वर्षाच्या आहेत हेच लिहिलेले नसते. शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये निघालेली मार्गदर्शक तत्त्वे पृष्ठावर अखेरच्या बदलाची तारीख आणि आशयाची जबाबदारी असणारी व्यक्ती यांची अपेक्षा करतात. विद्यार्थ्याच्या प्रकल्पातील संदर्भ तारखेअभावी अपुरा ठरवणाऱ्या आपल्या संस्थांनी एवढा नियम स्वतःला लावून घेणे कठीण नसावे.

पत्त्याच्या टिकाऊपणाचा प्रश्न नवा नाही. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच एका टिपणात असे प्रतिपादन केले होते की पत्ता बदलतो तो तंत्रामुळे नव्हे, तर नियोजनाच्या अभावामुळे. म्हणून विषयविभागणी, लेखकाचे नाव, फाईलचा प्रकार अशा बदलत्या गोष्टी पत्त्यात घालू नयेत. याचे उत्तम उदाहरण आपल्या जवळच आहे. पुणे विद्यापीठाचे २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ असे नामांतर झाले. संकेतनाव मात्र ‘युनिपुणे’ हेच राहिले. नावाशी अस्मिता निगडित असताना जुना पत्ता चालू ठेवणे हा, माझ्या मते, वाचकाच्या बाजूने झालेला निर्णय आहे. दुसरे उदाहरण महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयांचे. अनेक विभागांच्या त्या सामायिक व्यवस्थेत प्रत्येक निर्णयाला अठरा अंकी संकेताक मिळतो. त्याची सुरुवात वर्ष, महिना आणि दिवसाने होते व तो निर्णयाच्या मजकुरातच छापलेला असतो. संकेतस्थळाची रचना बदलली तरी कागदावरचा संकेताक दस्तऐवजाची ओळख सांगत राहतो. इन्फ्लिबनेटच्या ‘शोधगंगा’मध्ये हेच काम १०६०३ या उपसर्गाने सुरू होणारे हँडल करते. अशा मोठ्या यंत्रणा महाविद्यालयाला परवडत नाहीत हे खरे. परंतु वर्षाच्या नावाचा एक फोल्डर करून त्यातील काहीही कधीच न हलवणे, याला काहीही खर्च नाही.

निगडी परिसराच्या वाचकाला या प्रश्नाची दुसरी बाजूही ओळखीची वाटेल. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाने येथील भूखंड ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. ते प्राधिकरण २०२१ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात विलीन झाले. विलीनीकरणात जमिनींची, कर्मचाऱ्यांची आणि ठेवींची वाटणी ठरते. संकेतनावाला मात्र मालमत्ता मानण्याची रीत अजून पडलेली नाही. भाडेपट्टा ९९ वर्षांचा, आणि भारतीय संकेतनावाची नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांची! नूतनीकरण चुकले की ते नाव कोणीही घेऊ शकतो, आणि संस्थेच्या जुन्या कागदांवर छापलेला पत्ता परक्याच्या दारी नेतो. ‘एसी डॉट इन’ हे प्रत्यय अर्नेटमार्फत केवळ शैक्षणिक संस्थांनाच दिले जातात. खाजगी ‘डॉट कॉम’ घेणाऱ्या महाविद्यालयांनी निदान या कारणासाठी तरी ते स्वीकारावे.

मराठीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट होतो. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. तरीही त्यानंतर कितीतरी वर्षे मराठी मजकूर अशा फाँटांत तयार झाला की ज्यात पडद्यावर ‘क’ दिसतो, पण साठवणीत भलतेच रोमन अक्षर असते. तो फाँट नसलेल्या संगणकावर निव्वळ निरर्थक चिन्हे उमटतात. यावर शोधलेला उपाय म्हणजे कागद छापून त्याचे छायाचित्र पीडीएफमध्ये ठेवणे. दिसायला मराठी, शोधायला मुकी! शोधगंगेवरील अनेक मराठी प्रबंधांची हीच अवस्था आहे. मजकुराच्या शोधात ते सापडत नाहीत, रोमन लिपीतील शीर्षकाने सापडले तर सापडतात.

याहून सूक्ष्म अडचण सर्व्हरच्या बाजूची आहे. पृष्ठात युटीएफ-८ हे संकेतन अचूक नोंदवले असले तरी सर्व्हर स्वतः पाठवत असलेल्या शीर्षनोंदीला ब्राउझर अग्रक्रम देतो. अपाची २.० च्या काही आवृत्त्यांत तेथे पश्चिम युरोपीय भाषांचे संकेतन पूर्वनियोजित असे. परिणामी निर्दोष मराठी पृष्ठ वाचकापुढे विद्रूप होऊन येई, आणि दोष लेखकाच्या टंकलेखनाला दिला जाई. उपाय एका ओळीचा आहे: आपल्या फोल्डरात ‘एचटीअॅक्सेस’ फाईल ठेवून संकेतन बदलणे. पण ती ओळ मानायची की नाही हे मुख्य व्यवस्थापक ठरवतो. सामायिक सर्व्हरवरची मराठी अशी शेवटी किल्लीवाल्याच्या परवानगीवर अवलंबून राहते. पृष्ठाची भाषा ‘एमआर’ अशी नोंदवली तर सक्षम फाँट मराठी वळणाचे ल आणि श दाखवू शकतो. ही नोंद न केल्यामुळे, २००९ च्या शासन निर्णयाने प्रमाण मानलेली वर्णमाला शिकवणाऱ्या मराठी विभागाच्याच पृष्ठावर हिंदी वळणाचा ल झळकताना दिसतो.

मग प्रत्येक अध्यापकाला खोली द्यावी की सर्व अधिकार एका समन्वयकाकडे ठेवावेत? केंद्रीकरणाच्या बाजूने सुरक्षिततेचा युक्तिवाद होतो आणि तो पोकळ नाही. एका खात्यातील जुन्या, दुरुस्त न केलेल्या प्रणालीतून घुसखोर शिरला तर संपूर्ण सर्व्हर धोक्यात येतो. तथापि साध्या, स्थिर एचटीएमएल पृष्ठांना हा धोका अत्यल्प असतो, आणि अध्यापकाची गरज बहुतांशी तेवढीच असते. ती गरज संस्थेने भागवली नाही म्हणून अध्यापक बाहेरच्या मोफत जागेकडे वळतो. त्या जागेचे भवितव्य व्यापारी कंपनीच्या हाती असते, हे २००९ मध्ये जिओसिटीज बंद झाली तेव्हाच दिसून आले. टिल्डची पद्धतही निर्दोष नाही. तेथे पत्ता व्यक्तीच्या खात्याशी बांधलेला असतो आणि खाते बंद होताच पृष्ठे जातात. म्हणून मला विभागनिहाय फोल्डर अधिक योग्य वाटतो. लेखनाचा अधिकार विभागातील सर्व अध्यापकांच्या गटाला, पत्ता विभागाच्या नावाचा, आणि पृष्ठावर लेखकाचे नाव व तारीख.

निवृत्तीच्या वेळी अध्यापकाला ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि कार्यालय यांच्याकडून ना-देय दाखला घ्यावा लागतो. ग्रंथपाल एकेक पुस्तक मोजून घेतात. त्याच अध्यापकाने दहा-पंधरा वर्षे सर्व्हरवर ठेवलेल्या टिपणांची विचारणा कोणी करीत नाही. त्या दाखल्यात आणखी एक रकाना घालता येईल : ‘संकेतपृष्ठे कोणाकडे सुपूर्द केली’. त्यापुढे विभागप्रमुखांची स्वाक्षरी.