‘शिरकाव न करणारी’ तपासणी : अरुंद धमन्यांच्या चुंबकीय प्रतिमांची चिकित्सा

प्रस्तावना

वैद्यकीय तपासण्यांच्या वर्णनात ‘नॉन-इन्व्हेसिव्ह’, म्हणजे शरीरात शिरकाव न करणारी, हे विशेषण आज प्रशस्तिपत्रासारखे वापरले जाते. धमनीत नळी नाही, क्ष-किरण नाहीत. म्हणून तपासणी निर्धोक, आणि निर्धोक म्हणून विश्वसनीय, असा अर्थप्रवास या एका शब्दात नकळत घडतो. चुंबकीय अनुनाद प्रतिमांकनाने, अर्थात एमआरआयने, अरुंद झालेल्या धमन्या पाहण्याची पद्धत या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. तिची उपयुक्तता वादातीत आहे. तथापि प्रतिमा घडते कशी, मोजली कशी जाते, तिच्यासाठी शरीरात काय सोडले जाते आणि तिच्या आधारे कोणता निर्णय होतो, या चार टप्प्यांवर तिची चिकित्सा आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी

पोर्तुगालमधील एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये मेंदूच्या धमन्यांत क्ष-किरणांना अपारदर्शक द्रव्य सोडून त्यांचे चित्र मिळवले. जर्मनीत १९२९ मध्ये वेर्नर फोर्समान यांनी स्वतःच्याच हृदयापर्यंत नळी नेली. अमेरिकेत १९५८ मध्ये मेसन सोन्स यांच्या कामातून हृदयधमन्यांचे निवडक चित्रण शक्य झाले. या परंपरेतील कॅथेटर अँजिओग्राफी हाच पुढे प्रमाण निकष मानला गेला. तिची किंमतही होती. मानेतील कॅरॉटिड धमनीच्या शस्त्रक्रियेविषयी अमेरिकेत झालेल्या आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, केवळ अँजिओग्राफीमुळे पक्षाघात होण्याचे प्रमाण १.२ टक्के आढळले. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये पाया घातलेल्या चुंबकीय प्रतिमांकनाचे स्वागत या पार्श्वभूमीवर स्वाभाविकच होते.

प्रतिमेची घडण

येथे पहिला भेद लक्षात घ्यावा लागतो. कॅथेटर अँजिओग्राफीत धमनीच्या पोकळीत भरलेल्या द्रव्याची सावली दिसते. रंगद्रव्याविना केल्या जाणाऱ्या ‘टाइम ऑफ फ्लाइट’ या चुंबकीय पद्धतीत मात्र दिसतो तो रक्ताचा प्रवाह. एका जागी स्थिर असलेल्या ऊतींचा संकेत पुनःपुन्हा दिलेल्या स्पंदांमुळे दबतो. नव्याने आत येणारे रक्त उजळ दिसते. परंतु अरुंद जागेतून बाहेर पडताना रक्तात भोवरे निर्माण होतात आणि तेथील संकेत विस्कटून जातो. परिणामी अरुंद धमनी प्रत्यक्षाहून अधिक अरुंद भासते; क्वचित तिचा एखादा तुकडाच नाहीसा झालेला दिसतो. म्हणजे जेथे निदानाची गरज सर्वाधिक, तेथेच प्रतिमा सर्वाधिक फसवी ठरू शकते.

हृदयधमन्यांबाबत २००१ मध्ये सात केंद्रांतील १०९ रुग्णांवर झालेला अभ्यास हेच अधोरेखित करतो. या पद्धतीची संवेदनक्षमता ९३ टक्के होती, परंतु विशिष्टता केवळ ४२ टक्के. आजार असलेले बहुतेक रुग्ण तिने हेरले. पण आजार नसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांनाही आजारी ठरवले.

मोजमापाचा प्रश्न

दुसरा प्रश्न आकड्याचा आहे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकी अभ्यासाने, पक्षाघाताची लक्षणे येऊन गेलेल्या आणि कॅरॉटिड धमनी ७० ते ९९ टक्के अरुंद असलेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेचा स्पष्ट लाभ दाखवला. दोन वर्षांत त्याच बाजूच्या पक्षाघाताचा धोका २६ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आला. त्याच वर्षी युरोपीय अभ्यासाचेही निष्कर्ष आले, पण मोजण्याची रीत वेगळी होती. अमेरिकी रीतीत अरुंद जागेची तुलना पुढच्या निरोगी भागाशी केली जाते. युरोपीय रीतीत त्याच जागी धमनी मुळात किती रुंद असावी, याच्या अंदाजाशी. समजा, मूळ रुंदी ८ मिलिमीटर, पुढचा निरोगी भाग ५ मिलिमीटर आणि शिल्लक वाट २.५ मिलिमीटर आहे. अमेरिकी रीतीने ही धमनी ५० टक्के अरुंद ठरते, युरोपीय रीतीने सुमारे ६९ टक्के. आता प्रतिमेच्या दोषामुळे शिल्लक वाट १.५ मिलिमीटर दिसली, तर अमेरिकी रीतीनेही आकडा ७० वर जातो. एका मिलिमीटरच्या फरकाने रुग्ण शस्त्रक्रियेच्या उंबरठ्यावर येतो. म्हणून मोजण्याची रीत न सांगणारी टक्केवारी ही अर्धीच माहिती होय.

‘निर्धोक’ मानलेले द्रव्य

प्रवाहाच्या या दोषावर उपाय म्हणून १९९० च्या दशकात शिरेतून गॅडोलिनियमयुक्त द्रव्य देण्याची पद्धत रूढ झाली. प्रतिमा सुधारल्या. क्ष-किरण तपासणीतील आयोडीनयुक्त रंगद्रव्य मूत्रपिंडांना बाधेल, या भीतीने मूत्रपिंडविकाराचे रुग्ण आवर्जून एमआरआयकडे वळवले गेले. १९९७ पासून अशाच रुग्णांत त्वचा आणि सांधे ताठरवणारा एक नवा विकार दिसू लागला. २००० मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि २००६ मध्ये त्याचा संबंध गॅडोलिनियमशी जोडला गेला. २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने ठळक इशारा छापणे बंधनकारक केले. ज्यांना जपण्यासाठी हा मार्ग निवडला, त्यांनाच त्याची झळ बसली. द्रव्यांची निवड आणि मूत्रपिंडांची पूर्वतपासणी यांमुळे हा विकार पुढे अतिशय दुर्मीळ झाला, हे खरे. तथापि नळी टाळली म्हणजे शिरकाव टळला, हे समीकरण तेव्हाच मोडीत निघाले.

अरुंद धमनी आणि आजार

अखेरचा प्रश्न सर्वांत मूलभूत आहे. १९८७ मध्ये ग्लॅगॉव्ह आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की धमनीच्या भिंतीत थर साचू लागला तरी धमनी बाहेरच्या बाजूने फुगते आणि थराने सुमारे ४० टक्के जागा व्यापेपर्यंत पोकळी अरुंद होत नाही. म्हणजे पोकळी मोकळी दिसणे हा निरोगीपणाचा पुरावा नव्हे. उलटपक्षी, पोकळी अरुंद दिसली म्हणून ती रुंद केल्याने लाभ होतोच असेही नाही. मूत्रपिंडाच्या अरुंद धमन्यांत स्टेंट बसवण्याविषयी २००९ आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांत, केवळ औषधोपचाराच्या तुलनेत स्टेंटचा लक्षणीय लाभ आढळला नाही.

चुंबकीय प्रतिमांकनाचे खरे सामर्थ्य याच ठिकाणी दिसते. धमनीची भिंत आणि हृदयस्नायूला मिळणारा रक्तपुरवठा ते दाखवू शकते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ९१८ रुग्णांच्या अभ्यासात एक गट हृदयस्नायूच्या रक्तपुरवठ्याच्या चुंबकीय तपासणीवर, तर दुसरा गट नळी घालून केलेल्या दाबमापनावर विसंबून होता. पहिल्या गटात धमनी मोकळी करण्याच्या प्रक्रिया कमी झाल्या, तरीही एका वर्षातील परिणाम दुसऱ्या गटाहून निकृष्ट ठरले नाहीत.

निष्कर्ष

चुंबकीय प्रतिमांकनाला कॅथेटरच्या सावलीची बिनवेदनेची नक्कल मानले, तर त्याचे दोष झाकले जातात आणि गुणही वाया जातात. तपासणीच्या अहवालात पद्धत, मोजण्याची रीत, वापरलेले द्रव्य आणि प्रतिमेची मर्यादा यांची नोंद असणे हा केवळ औपचारिकतेचा भाग नव्हे. त्या अहवालावरूनच एखाद्याच्या मानेवर शस्त्र चालवायचे की नाही, हे ठरत असते. ‘शिरकाव न करणारी’ हे विशेषण तपासणीची रीत सांगते. तिची सत्यता आणि निर्धोकता प्रत्येक वेळी स्वतंत्रपणे सिद्ध व्हावी लागते.