‘स्टीरिओ रिअलिस्ट’ : जोडचित्रांच्या प्रामाण्याचा विचार

जुन्या दप्तरांबरोबर कधीं कधीं जोडचित्रांच्या फिल्मही संग्राहकाच्या हातीं येतात. त्यांना साधन म्हणून मान्यता देण्यापूर्वीं त्या ज्या यंत्रांतून निघाल्या त्याची परीक्षा होणें अवश्य आहे. सीटन रॉकवाइट यांनीं योजिलेला ‘स्टीरिओ रिअलिस्ट’ कॅमेरा अमेरिकेंतील मिलवॉकीच्या डेव्हिड व्हाइट कंपनीनें १९४७ पासून १९७१ पर्यंत विकला. प्रस्तुत विचार त्यापुरताच आहे.

प्रथम गुण. याचीं दोन भिंगें ७० मिलिमीटर अंतरावर, म्हणजे माणसाच्या दोन डोळ्यांपेक्षां किंचित् अधिक दूर, बसविलीं आहेत. दोन्ही झडपा एकदमच उघडतात. त्यामुळें जोडींत एकच क्षण सांपडतो. साध्या कॅमेऱ्यानें जागा बदलून दोन चित्रें घेतल्यास तेवढ्यांत सावली सरकते व साक्षींत भेद पडतो.

आतां मर्यादा. निघोज्याहून चाकणचा संग्रामदुर्ग जवळ आहे. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळा यांनीं शाएस्ताखानाविरुद्ध झुंजविलेल्या या भुईकोटाचें चित्र फार दुरून घेतल्यास बुरूज व तट एकाच पडद्यावर रंगविल्यासारखे दिसतील; तटाशीं उभें राहून घेतल्यास चिऱ्यांचे सांधे व झीज स्पष्ट होईल. मोडी कागदास मात्र या यंत्राचा विशेष उपयोग नाहीं. सपाट पानास दुसऱ्या डोळ्याची साक्ष अनावश्यक, आणि अडीच फुटांच्या आंत चित्र स्पष्ट जुळवितां येत नाहीं.

सर्वांत मोठा धोका फिल्म कापण्यांत आहे. फिल्मवर शेजारीं असलेलीं दोन चित्रें जोडीचीं नसतात. एका जोडीच्या दोन चित्रांमध्यें इतर जोड्यांचीं दोन चित्रें येतात. शिवाय प्रत्येक भिंग आपलें चित्र उलटें पाडतें; म्हणून पट्टी सुलट धरली कीं डाव्या डोळ्याचें चित्र उजवीकडे जातें. तीं अदलाबदल न करतां चौकटींत बसविल्यास शिळेवरील उठावाचें काम खोदल्यासारखें भासतें. चित्र अस्सल, परंतु साक्ष खोटी, असा हा प्रकार होय.

तात्पर्य, यंत्र विश्वसनीय आहे. चौकट विश्वसनीय असेलच असें नाहीं. अखंड फिल्म कापूं नये, आणि कापलेल्या जोडींतील डावें-उजवें तपासल्यावांचून तिच्यावरून कोणतेंही विधान करूं नये, असें आमचें मत आहे.

निघोजे, ता. खेड