'शतपट' वेगाचे उपमान

प्राचीन साहित्यशास्त्राने उपमानाचे हीनत्व हा उपमेचा दोष मानला आहे. काव्यात त्याने रसहानी होते. संशोधनात प्रमाणच ढासळते. २००७ मध्ये एन्व्हिडियाची 'कूडा' प्रणाली उपलब्ध झाल्यावर ग्राफिक्स प्रोसेसरवर सर्वसामान्य समांतर गणन करणे सुकर झाले, आणि 'सीपीयूपेक्षा शंभरपट जलद' अशी विधाने शोधनिबंधांतून दिसू लागली. त्या विधानांची परीक्षा व्हिक्टर ली आणि इंटेलमधील त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० च्या निबंधात केली. तो निबंध आजही मननीय आहे.

लेखकांनी चौदा गणनप्रकार निवडून ते एन्व्हिडियाच्या जीटीएक्स २८० वर आणि इंटेलच्या कोअर आय-७ ९६० वर चालविले. मात्र सीपीयूवरील आज्ञावलीही त्यांनी तितक्याच निगुतीने रचली: चारही गाभ्यांना काम दिले, एका आज्ञेने अनेक संख्यांवर क्रिया करणाऱ्या सूचना योजल्या, आणि जवळच्या स्मृतीचा विचार करून माहितीची विभागणी केली. तेव्हा शंभरपटीचे अंतर सरासरी अडीचपटीवर आले. यात नवल नाही. स्मृतीतून माहिती आणण्याची कमाल गती ग्राफिक्स प्रोसेसरची सेकंदाला १४१ गिगाबाइट, तर सीपीयूची ३२. म्हणजे जेमतेम साडेचारपट. ज्या गणनाचा वेग स्मृतीवरच अवलंबून, तेथे शंभरपट लाभ केवळ यंत्रामुळे झाला, असे मानताच येत नाही. तो बव्हंशी सीपीयूवरील आज्ञावलीच्या हेळसांडीचा हिशेब असतो.

तथापि हा निबंधही निर्दोष नव्हे. सीपीयू बनविणाऱ्या संस्थेनेच हा निवाडा दिला, आणि त्यासाठी प्रतिपक्षाचे २००८ मधील यंत्र घेतले. निबंध प्रसिद्ध झाला त्या वर्षी त्याची पुढील पिढी बाजारात आली होती. शिवाय 'अडीच' ही सरासरीही दिशाभूल करू शकते. क्रमवारी लावण्यात सीपीयू सरस ठरला, तर वस्तूंची टक्कर शोधण्यात ग्राफिक्स प्रोसेसर दहापटींहून अधिक पुढे गेला. इतक्या भिन्न प्रकृतीच्या कार्यांना एकच आकडा न्याय देत नाही. दोन्ही आज्ञावल्या घडविण्यास किती श्रम पडले, हा संशोधकाच्या दृष्टीने कळीचा प्रश्नही अनुत्तरित राहतो.

तरीही निबंधाचे मोल त्या आकड्यात नसून त्याने घालून दिलेल्या शिस्तीत आहे. प्रबंधात 'इतकेपट जलद' असे लिहिणाऱ्याने 'कशापेक्षा' हे त्याच वाक्यात सांगावे: कोणते यंत्र, किती गाभे, कोणती आज्ञावली, आणि माहिती ग्राफिक्स प्रोसेसरकडे नेण्या-आणण्याचा काळ धरला की नाही. एवढे सांगितल्यावर जो आकडा उरेल, तो लहान असला तरी तोच सिद्धान्त होय.