कर्ता शेवटी येतो

जेन ऑस्टिनच्या ‘पर्स्वेशन’ या कादंबरीच्या नवव्या प्रकरणात एक वाक्य आहे. इंग्रजी गद्यातल्या अत्यंत सुंदर वाक्यांत मी ते धरतो, आणि त्यात एकही सुंदर शब्द नाही. उपमा नाही, विशेषणांची आरास नाही. जे आहे ते निव्वळ व्याकरण: काही सर्वनामं, एकात एक गुंतलेली गौण वाक्यं आणि भूतकाळ.

प्रसंग अगदी घरगुती आहे. सॉमरसेटमधल्या अपरक्रॉस गावी ॲन एलियट आपल्या आजारी भाच्याजवळ गुडघे टेकून बसली आहे. धाकटा भाचा वॉल्टर, दोन वर्षांचा, तिच्या पाठीवर चढला आहे आणि काही केल्या उतरत नाही. घरी आलेला चार्ल्स हेटर वर्तमानपत्र हातात धरून बसल्या जागेवरून त्याला दटावतो, तेवढंच. खोलीत आणखी एक माणूस आहे, कॅप्टन वेंटवर्थ. आठ वर्षांपूर्वी त्याचं आणि ॲनचं लग्न ठरलं होतं. घरच्या स्नेही लेडी रसेल यांचा सल्ला मानून एकोणीस वर्षांच्या ॲननं ते मोडलं. आता ती सत्तावीस वर्षांची आहे, तो परत आला आहे, आणि शिष्टाचारापुरतं सोडलं तर तिच्याशी बोलत नाही. अशात तिच्या पाठीवरचं ओझं अचानक नाहीसं होतं.

हे ऑस्टिन कसं सांगते ते पाहण्यासारखं आहे. वाक्य सुरू होतं ॲनच्या अवस्थेपासून: आपण सुटलो आहोत, एवढंच तिला जाणवतं. मग येतं ‘समवन’, कुणीतरी. मग तिची खाली वाकलेली मान, पोराचे गळ्याभोवतीचे घट्ट हात, ते सोडवले जाणं, पोराला उचलून नेलं जाणं. क्रियापदं आता कर्मणी झाली आहेत. सोडवणारा कोण, उचलणारा कोण, याचा पत्ता नाही. या सगळ्या भागात ‘ही’, ‘हिम’, ‘हिज’ ही सर्वनामं पुन्हा पुन्हा येतात, पण ती सगळी त्या पोराची. वेंटवर्थच्या वाट्याला एकही आलेलं नाही. आणि वाक्य आता संपलंच असं वाटत असताना ‘बिफोर’ येतं, त्याच्या पोटात ‘दॅट’ येतं, आणि त्या सर्वांत आतल्या गौण वाक्यात त्याचं नाव येतं, हुद्द्यासकट. त्याला जोडलेलं क्रियापद ‘हॅड डन’, म्हणजे पूर्ण भूतकाळ. तिला कळतं तेव्हा गोष्ट करून झालेली आहे.

वाक्याचा कर्ता कुठे असावा, हे शाळेपासून आपल्याला पाठ असतं. इथे ज्याच्या हातून सगळं घडतं तो कर्ता वाक्याच्या शेपटात, गौण वाक्याच्याही गौण वाक्यात आहे. ही लपवाछपवी वाचकाची उत्कंठा ताणण्यासाठी नाही. ॲनची मान खाली आहे, तिला दिसतच नाही. तिला जे ज्या क्रमानं कळतं, त्याच क्रमानं वाक्य उलगडतं. मराठीत हेच वाक्य सरळ बांधायला गेलं तर ‘तिला कळायच्या आत’ हा तुकडा आधी येऊ पाहतो आणि नाव भलत्या वेळी फुटतं. इंग्रजी गौण वाक्याला मागे लोंबकळत राहता येतं, आणि ऑस्टिन त्या सोयीचं सोनं करते.

लगेच पुढच्या, दहाव्या प्रकरणात हीच क्रिया पुन्हा येते. लांब फेरफटक्यावरून सगळे परतत आहेत, ॲन थकली आहे, वाटेत क्रॉफ्ट दांपत्याची गाडी भेटते. वेंटवर्थ आपल्या बहिणीशी, म्हणजे मिसेस क्रॉफ्टशी, काहीतरी बोलतो आणि एक शब्दही न उच्चारता ॲनला गाडीत चढवतो. तिथे ऑस्टिननं ‘हॅड डन’ हेच रूप पुन्हा वापरलं आहे, पण या वेळी कर्ता पुढे आला आहे, मुख्य वाक्यात, आणि नावानं नाही तर नुसत्या ‘ही’नं. हुद्दा गळाला, आडनाव गळालं. ज्याचं नाव सांगावं लागत नाही तो माणूस मनात किती जवळ असतो, हे त्या दोन अक्षरी सर्वनामानं सांगितलं. त्यामागून ‘दॅट’ची गौण वाक्यं एकापाठोपाठ एक येतात: त्यानंच बसवलं, त्याच्याच इच्छेनं आणि हातांनी, तिचा थकवा त्याच्या लक्षात आला म्हणून. प्रत्येक ‘दॅट’बरोबर ती जे घडलं ते पुन्हा एकदा मनाशी पक्कं करते. नवव्या प्रकरणातलं ‘दॅट’ उशिरा आलेली बातमी होतं, इथलं ‘दॅट’ म्हणजे तिची खात्री आहे.

याच्याही आधी, सातव्या प्रकरणात, अप्रत्यक्ष कथनाची एक क्रूर जागा आहे. ॲनची बहीण मेरी तिला सहज सांगून टाकते: माझ्या नणंदेनं, हेन्रिएटानं, वेंटवर्थला तुझ्याविषयी विचारलं, तर तो म्हणाला की तू इतकी बदललीस, त्याला ओळखूही आली नसतीस. आपण शाळेत डायरेक्टचं इनडायरेक्ट करायला शिकलो: काळ एक पायरी मागे, सर्वनामं बोलणाऱ्याप्रमाणे बदलायची. नियम यांत्रिक, पण इथे त्या नियमाला धार चढते. वेंटवर्थनं तिचा उल्लेख तृतीयपुरुषात केला असणार, ती समोर नव्हतीच. मेरीच्या तोंडी व्याकरणाच्या नियमानंच त्याचं ‘यू’ झालं. जे तिच्या पाठीमागे बोललं गेलं, ते सर्वनाम बदलताच तिच्या तोंडावर बोलल्यासारखं झालं. पुढे निवेदन स्पष्ट करतं की तो तसं काहीसं बोलला खरा, पण ते फिरत फिरत तिच्यापर्यंत जाईल याची त्याला कल्पना नव्हती. ॲनचं सगळं जगणंच असं आहे. तिच्याविषयीचं तिला दुसऱ्यांच्या वाक्यांतून, एक काळ मागे सरकून, ऐकावं लागतं.

मधे लाइम या गावी, हेन्रिएटाची बहीण लुईसा पडून जखमी झाल्यावर, वेंटवर्थ ॲनकडे वळून तिला थेट ‘यू’ म्हणतो आणि तिच्या चेहऱ्यावर रंग चढतो. पण ते आर्जव लुईसाच्या शुश्रूषेसाठी असतं.

म्हणून तेविसाव्या प्रकरणातल्या पत्राचा आघात एवढा मोठा आहे. बाथमधल्या व्हाइट हार्ट या हॉटेलात ॲन खिडकीशी वेंटवर्थचा मित्र कॅप्टन हार्विलबरोबर बोलते आहे, बायका जास्त काळ प्रेम करतात की पुरुष, यावर. वेंटवर्थ पलीकडे टेबलाशी लिहीत बसला आहे. आपलं बोलणं त्याला ऐकू गेलं असेल असं तिला वाटत नाही. तो निघून जातो, परत येतो, कागदांखालून एक पत्र काढून तिच्यापुढे ठेवतो. आणि त्या पत्रात भूतकाळ एकदम सरून वर्तमानकाळ उभा राहतो, ‘ही’ आणि ‘शी’ जाऊन ‘आय’ आणि ‘यू’ समोरासमोर येतात. बावीस प्रकरणं वाचकानं तृतीयपुरुषाच्या पडद्याआडून हा माणूस पाहिला. पडदा एका सर्वनामानं सरतो.

हे ऑस्टिनला पहिल्याच झटक्यात साधलं नव्हतं, आणि ते आपल्याला ठाऊक आहे हे मोठंच भाग्य. तिच्या प्रसिद्ध कादंबऱ्यांपैकी फक्त याच कादंबरीच्या शेवटाची, रद्द केलेल्या दोन प्रकरणांची, हस्तलिखित पानं शिल्लक आहेत. ती ब्रिटिश लायब्ररीत आहेत. 1816च्या जुलैत लिहिलेल्या त्या खर्ड्यात पत्र नाहीच. ॲडमिरल क्रॉफ्ट वेंटवर्थलाच ॲनकडे पाठवतो, ती नात्यातल्या मिस्टर एलियटशी लग्न करणार का ते विचारायला, आणि बिचारा वेंटवर्थ निरोप्याच्या भूमिकेत सुरुवात करतो: ॲडमिरलना असं कळलं आहे, की... म्हणजे ज्या क्षणी त्यानं स्वतःचं बोलायचं, त्या क्षणीही तो दुसऱ्याच्या गौण वाक्यात अडकलेला. प्रसंग वाईट नाही, हुशारीचा आहे. पण काही दिवसांतच ऑस्टिननं तो काढला आणि त्या जागी पत्र आलं. पुढच्याच वर्षी जुलैमध्ये तिचं निधन झालं. कादंबरी तिच्या मागून, 1817च्या डिसेंबरात, निघाली.

पत्रानंतर दोघं बाथच्या एका शांत वाटेनं चालतात. इथे आता भरपूर थेट संवाद येईल अशी आपली अपेक्षा असते. ऑस्टिन आधी तसं करत नाही. ती पुन्हा पूर्ण भूतकाळात जाते, ‘ही’ आणि ‘शी’ परत येतात, त्यानं काय काय कबूल केलं ते निवेदनातून कळतं: मत्सर कसा आड आला, तिच्याखेरीज कुणावर जीव जडला नव्हता हे तो कसा पुन्हा पुन्हा सांगत राहिला. ज्या व्याकरणानं ॲनला इतका काळ लांब ठेवलं, त्याच व्याकरणानं आता आपल्याला थोडं लांब ठेवलं आहे. अवतरणचिन्हं येतात ती नंतर, आणि तीही आधी बराच वेळ एकट्या त्याच्याच बोलण्याभोवती.