हिरव्या किरणाची वाट

सुट्टीच्या कथांत रंग भरतात ते बहुधा पहिल्या दिवसांचे. एरिक रोमेर या फ्रेंच दिग्दर्शकाच्या ‘हिरवा किरण’ या चित्रपटाचे मर्म मात्र सुट्टी सरत आल्यावरच्या एका निवांत दिवसात आहे. १९८६ साली व्हेनिसच्या महोत्सवात ‘सुवर्णसिंह’ हा सर्वोच्च सन्मान मिळवणारी ही कलाकृती वरकरणी अगदी साधी आहे.

पॅरिसमध्ये कार्यालयात नोकरी करणाऱ्या देल्फिनचा सहलीचा बेत तिची मैत्रीण ऐनवेळी मोडते. मग ती शेर्बूरला जाते, आल्प्समध्ये पोहोचून त्याच दिवशी परतते, शेवटी बिआरित्झचा किनारा गाठते. मन कुठेच रमत नाही. संवाद बहुतांशी कलावंतांनी उत्स्फूर्तपणे बोललेले असल्याने तिचे एकाकीपण खरे वाटते. तिची तक्रार मध्यंतरी कंटाळवाणी होते, हेही सांगितले पाहिजे.

बिआरित्झला ज्यूल व्हर्नच्या १८८२ च्या कादंबरीविषयीचे बोलणे तिच्या कानी पडते. सूर्य समुद्रात बुडताना अखेरच्या क्षणी चमकणारा हिरवा किरण ज्याला दिसेल, त्याला स्वतःचे आणि दुसऱ्याचे अंतःकरण वाचता येते, अशी त्यातील कल्पना. हा केवळ प्रकाशाच्या वक्रीभवनाचा खेळ आहे, हेही एक वृद्ध गृहस्थ समजावून देतात.

परतीच्या गाडीची वाट पाहत देल्फिन स्थानकावर दस्तयेव्हस्कीची ‘इडियट’ वाचत बसते. तिथे एका तरुण सुतारकारागिराशी बोलणे निघते. तो जवळच्या सॅं-झां-द-ल्यूझ गावी निघालेला असतो. आजवर प्रत्येक निमंत्रण नाकारणारी ही मुलगी स्वतःहून विचारते, मी बरोबर येऊ का?

चौदाव्या लुईचा विवाह १६६० साली याच गावच्या ख्रिस्तमंदिरात झाला. रोमेरचे लक्ष राजवैभवाकडे नाही. ही दोघे बंदरावर रेंगाळतात, बोलत बसतात. एका दुकानाच्या पाटीवर ‘हिरवा किरण’ ही अक्षरे दिसतात आणि देल्फिन त्याला सूर्यास्तापर्यंत थांबण्याची विनंती करते.

येथे धर्मगुरू म्हणून माझ्या मनात एक शंका उभी राहते. वाटेत सापडणारे पत्ते, राशी, हिरवा रंग असे शकुन चित्रपटभर विखुरलेले आहेत. ‘मोदच्या घरची रात्र’ (१९६९) या चित्रपटात पास्कालच्या पैजेचा विचार मांडणारा हा कॅथलिक कलावंत कृपेच्या जागी दैव तर बसवत नाही ना? मला तसे वाटत नाही. शकुनांच्या मागे धावून देल्फिनला काहीच लाभलेले नाही. तिचे मन मोकळे होते ते त्या एका याचनेने. कृपा बळजबरी करीत नाही, मागणाऱ्या हाताची ती वाट पाहते, ही आपली जुनी शिकवण येथे प्रवचनाविना दृश्य झाली आहे.

व्हर्नच्या कादंबरीत प्रेमिक एकमेकांकडे पाहत राहतात आणि किरण हुकतो. रोमेरने हा शेवट उलटवला आहे. त्याची दोघे शेजारी बसून एकाच दिशेला पाहतात. देल्फिनच्या डोळ्यांत पाणी आहे. किरण क्षणभरच चमकतो, छोट्या पडद्यावर निसटूनही जाईल. तिच्या तोंडून निघालेला होकाराचा उद्गार मात्र प्रेक्षकाच्या कानात घुमत राहतो.